शाळेच्या अंगणातील शंकू

‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य मुलांच्या तोंडी सहज येते. सातारा व सांगली या जिल्ह्यांपुरते पाहिले तर त्यातील दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. येथे मध्यान्ह बाराच्या ठोक्याला होत नाही आणि वर्षातील दोन दिवस वगळता सूर्य नेमका डोक्यावर येत नाही. तक्ता दाखवून ही गोष्ट मुलांना पटत नाही. अंगणात रोवलेली काठी मात्र ती पटवून देते.

दिवसभर ऊन राहील अशी सपाट जागा निवडावी. जमिनीवर बरोबर १ मीटर उंच राहील अशी सरळ काठी रोवून ती ओळंब्याने तपासावी. सकाळी साडेदहाच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खूण करावी व काठीचा पाया मध्य धरून, त्या खुणेतून जाणारे वर्तुळ सुतळीने काढावे. दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळास पुन्हा टेकेल तेथे दुसरी खूण करावी. दोन खुणा जोडणारी रेषा ती पूर्वपश्चिम; तिच्यावर काठीच्या पायापासून काढलेला लंब म्हणजे दक्षिणोत्तर रेषा. ही रीत आपल्या प्राचीन ज्योतिषग्रंथांत, सूर्यसिद्धान्तातही, सांगितली आहे.

दुसऱ्या दिवशी सावली दक्षिणोत्तर रेषेवर येताच घड्याळ पाहावे. भारतीय प्रमाणवेळ ८२½ पूर्व रेखांशाची आहे, तर सातारा ७४ रेखांशाजवळ आहे. पृथ्वीला १ अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात; म्हणून येथील मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३४ मिनिटांनी होते. ऋतुमानाने तीत फरक पडतो. नोव्हेंबरच्या आरंभी ती १२ वाजून १८ मिनिटांच्या, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास असते. तेव्हा घड्याळात बारा वाजलेले पाहून दिशा आखू नयेत.

आता मध्यान्हीच्या सावलीची लांबी दर आठवड्यास मोजावी. सातारा येथे २२ डिसेंबरच्या सुमारास ती ८७ सेंटिमीटर, तर २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास ३२ सेंटिमीटर भरते. पंचांगकर्ते विषुवदिनीच्या याच सावलीला, शंकू १२ अंगुळांचा धरून, पलभा म्हणतात. सावली शून्य होण्याचा दिवस सांगली येथे ७ मे व ५ ऑगस्टच्या सुमारास, सातारा येथे १० मे व २ ऑगस्टच्या सुमारास येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली दक्षिणेस पडते, हे पाहून मुलांना नवल वाटेल.

अडचण अशी की, मे महिन्यात शाळेस सुटी असते आणि ऑगस्टमध्ये आभाळ असते. म्हणून सुटीपूर्वीच प्रत्येक मुलास काठी रोवण्याची रीत शिकवून घरच्या अंगणात नोंद करण्यास सांगावे. सूर्याकडे डोळ्यांनी पाहू नये, केवळ सावली पाहावी, ही सूचना त्या वेळी आवर्जून द्यावी.

शक्य असल्यास दोन्ही जिल्ह्यांतील दोन शाळांनी एकाच दिवशीची मापे पत्राने एकमेकींस कळवावी. २३ सप्टेंबरच्या सुमारास साताऱ्यात ३२ भरणारी सावली सांगलीत ३० सेंटिमीटर भरते. सूर्यकिरण दोन्हीकडे समांतर येत असता हा फरक का पडावा? भूपृष्ठ वक्र आहे म्हणून. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीस याने इजिप्तमध्ये याच तत्त्वावर पृथ्वीचा परिघ काढला. २ सेंटिमीटरांचा फरक लहान असल्याने त्यावरून मुलांना परिघ अचूक काढता येणार नाही. परंतु पृथ्वीचा गोलावा त्यांनी स्वतः मोजलेला असेल.

सावलीचे टोक अस्पष्ट असते, त्यामुळे मापे थोडी चुकतील. अशा वेळी वरील आकडे फळ्यावर लिहून मुलांची मापे त्यांच्याशी जुळवून घेण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. मुलाने मोजलेला आकडाच त्याच्या वहीत राहावा. तो का चुकला याचा शोध वर्गाने घ्यावा. काठी कलली होती काय, जमीन उतरती होती काय, वेळ चुकली काय, हे मुले स्वतः तपासू लागली की विज्ञानाचे शिक्षण सुरू झाले असे समजावे.