पाखाडीवरची प्लास्टिकची खुर्ची

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरसारख्या गावात 108 ची रुग्णवाहिका येते, पण ती डांबरी रस्त्यापर्यंत. पुढे जांभ्या दगडाची पाखाडी, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ. पूर्वी आजारी माणसाला डोलीत घालून उतरवत, आता प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवतात. खुर्ची घरात असते. ती धरायला चार गडी शोधावे लागतात.

2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16.97 लाख होती, 2011 मध्ये ती 16.15 लाखांवर आली. हजार पुरुषांमागे बायका 1122. मुलीच्या जन्माचं कौतुक म्हणून या आकड्याला टाळ्या वाजवू नयेत. कर्ते पुरुष मुंबईला आहेत, हा त्याचा मुख्य अर्थ. घरी राहिली ती म्हातारी माणसं.

त्यांच्यासाठी सरकारने काही केलं नाही असं म्हणवत नाही. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. 2018 ला आयुष्मान भारत आली आणि ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड. एके काळी ऑपरेशनसाठी आंब्याची कलमं गहाण पडत. त्या मानाने हा पल्ला मोठाच.

पण हे कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर. म्हातारपणाची बहुतेक दुखणी ॲडमिट होण्याची नसतातच. प्रेशर, साखर, गुडघे, कमी ऐकू येणं, रात्रीची उडालेली झोप. त्यांना लागतो महिन्याच्या महिन्याला तपासणारा, नावानिशी ओळखणारा डॉक्टर. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. रिक्षाला मात्र पडतात. आणि मोठी तपासणी निघाली तर चिपळूण, म्हणजे 50 किलोमीटरांहून अधिक.

मग फरसाणाच्या रिकाम्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या साठतात. गणपतीला आलेला मुलगा तीन महिन्यांच्या देऊन जातो. दिवाळी सरता सरता म्हातारी हिशेब करते आणि प्रेशरची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागते. कुणाला सांगत नाही. पुढे अर्धांगाचा झटका आला की डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारख्या ठिकाणी धाव. तिथल्या लाखभराच्या बिलाची तरतूद योजनेत आहे. डब्यातल्या गोळीची नाही.

उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आहेत आणि त्यांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची काळजीही आहे. वाडीवाडीत फिरणारी आशाताई तिशीपुढच्यांचा प्रेशर-साखरेचा फॉर्म भरते. माझ्या मते पैसा ओतायचा तर इथे: आशाताईच्या पिशवीत महिन्याच्या गोळ्या द्या आणि त्या घरपोच करण्याचा वेगळा मोबदला तिला द्या. नवं रुग्णालय बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

एक काम मात्र सरकारची वाट न बघता होण्यासारखं आहे. सत्तरीचं कार्ड काढायला आधार लागतं, आणि आधारला नंबर जोडलेला असतो मुंबईच्या मुलाचा. ओटीपी जातो डोंबिवलीला, लोकलमध्ये लटकलेल्या माणसाच्या खिशात. अंगठा लावावा तर शेतीकामाने रेषा झिजलेल्या. चेहरा दाखवूनही काम होतं, पण त्याला रेंज हवी. तेव्हा चाकरमान्यांनो, शिमग्याला गावी जाल तेव्हा पालखी नाचवून झाल्यावर एक दिवस जास्त राहा. आईचं कार्ड काढा, पोस्टात चौकशी करून आधारला घरातल्याच फोनचा नंबर जोडा, आणि तो फरसाणाचा डबा एकदा उघडून बघा.