हवेतील नत्र आणि तीन जोड्यांची गाठ

पिकाची खालची पाने पिवळी पडू लागली की नत्र कमी पडले, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. त्याच वेळी त्याच्या शेतावरून वाहणाऱ्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्रच असते. भोवताली एवढा साठा असताना पिकाला तो घेता येऊ नये आणि त्यासाठी कारखाने उभारावे लागावेत, याचे कारण नत्राच्या दोन अणूंना जोडणाऱ्या बंधात आहे. या प्रकारच्या बंधास रसायनशास्त्रात सहसंयुज बंध असे म्हणतात.

अणूच्या मध्यभागी धनभारित केंद्रक असते व त्याभोवती ऋणभारित इलेक्ट्रॉन निरनिराळ्या कवचांत विभागलेले असतात. रासायनिक व्यवहार चालतो तो मुख्यतः बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांचा. हे कवच पूर्ण भरलेले असेल तर अणू स्थिर राहतो. हेलियम, निऑन हे वायू म्हणूनच कोणाच्या वाटेस जात नाहीत. इतर अणूंपैकी काही देवघेवीने ही स्थिती गाठतात. मिठामध्ये सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. परंतु दोन्ही अणूंची ओढ सारखीच असेल तर कोणी कोणास द्यावयाचे? अशा वेळी दोघेही आपापले काही इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्युइस यांनी १९१६ साली ही कल्पना मांडली.

बांधावरील सामाईक विहीर एकच असते, पण दोन्ही खातेदार तिला आपल्या हिशेबात धरतात. इलेक्ट्रॉनांच्या सामाईक जोडीचेही तसेच आहे. दृष्टांत मात्र हिशेबापुरताच घ्यावयाचा. जोडीतील इलेक्ट्रॉन ऋणभारित असतात व त्यांचा वावर दोन केंद्रकांच्या मधल्या जागेत अधिक असतो; त्यामुळे दोन्ही धनभारित केंद्रके त्या जागेकडे ओढली जातात आणि अणू एकमेकांना बांधले जातात. फळ्यावर जोडी दोन ठिपक्यांनी दाखविण्याची पद्धत सोयीची आहे, परंतु इलेक्ट्रॉन ठिपक्यासारखा एका जागी बसून राहत नाही, हे विद्यार्थ्यांना त्याच तासाला सांगितलेले बरे.

हायड्रोजनच्या अणूपाशी एकच इलेक्ट्रॉन असतो आणि त्याच्या कवचात दोघांचीच जागा असते. म्हणून त्याचे दोन अणू एका जोडीवर भागवितात. नत्राच्या अणूत सात इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी दोन आतल्या कवचात व पाच बाहेर. आठ पूर्ण होण्यास तीन कमी. म्हणून नत्राचे दोन अणू प्रत्येकी तीन इलेक्ट्रॉन पुढे करतात आणि त्यांच्यामध्ये तीन सामाईक जोड्या तयार होतात. हा तिहेरी बंध विलक्षण बळकट असतो. २८ ग्रॅम नत्रातील सर्व रेणूंचे अणू विलग करावयाचे तर सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. ऑक्सिजनच्या तितक्याच रेणूंना सुमारे ४९८ किलोज्यूल पुरते. हवेतील नत्र पिकाला मिळत नाही ते या गाठीमुळे. विजेच्या कडकडाटात काही रेणू फुटतात, पण त्यावर शेती भागत नाही.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली नत्र व हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार करून दाखविला आणि कार्ल बॉश यांनी ती कृती कारखान्यात आणली. १९१३ साली ओप्पाऊ येथे उत्पादन सुरू झाले. अमोनियाच्या रेणूत नत्राचा अणू तीन हायड्रोजन अणूंशी एकेक जोडी वाटून घेतो. ही क्रिया एकदा घडली की उलट उष्णताच बाहेर पडते. अडचण आहे ती आरंभीची गाठ सोडविण्याची. लोखंडाच्या उत्प्रेरकावर नत्राचे अणू चिकटतात व त्यांचा आपसातील बंध सैल होतो. तरीही सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब ठेवावा लागतो. रायगड जिल्ह्यातील थळ येथील खत कारखान्यात नैसर्गिक वायूपासून मिळविलेला हायड्रोजन याच कामी येतो व त्या अमोनियापासून युरिया होतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. पावसाच्या पाण्याबरोबर वाहून गेलेल्या युरियासोबत हा सारा खर्चही वाहून जातो.

हीच गाठ तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू जमिनीच्या साध्या तापमानाला सोडवितात. त्यांच्यातील विकर लोह व मॉलिब्डेनम यांच्या साहाय्याने काम करते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा झाडाने बनविलेल्या साखरेतून मिळते. म्हणजे येथेही काम फुकट होत नाही. इंधन तेवढे निराळे. प्रत्येक पिकाला त्याच्या गटाचेच जिवाणू लागतात. सोयाबीनचे संवर्धक हरभऱ्याला चालत नाही. सर्वसाधारणपणे १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या पाण्यातून चोळून बियाणे सावलीत सुकवितात. पीक फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास एखादे रोप मुळासकट उपटून गाठ कापून पाहावी. आतून ती गुलाबी दिसली तर काम चालू आहे. हिरवट किंवा करडी असेल तर ते थांबलेले आहे.