इरफान पठाण : तेविसाव्या वर्षी थांबलेली कसोटी कारकीर्द

भारतीय क्रिकेट संघाचा अष्टपैलू खेळाडू इरफान पठाण याने ४ जानेवारी २०२० रोजी सर्व प्रकारच्या क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. त्याचा अखेरचा कसोटी सामना मात्र एप्रिल २००८ मध्येच झाला होता. २९ कसोटींत १०० बळी आणि १,१०५ धावा करणारा हा खेळाडू वयाच्या २३ व्या वर्षी कसोटी संघाबाहेर गेला आणि पुन्हा परतला नाही. फलंदाजीच्या नादात त्याची गोलंदाजी बिघडली, असे याचे कारण सर्रास सांगितले जाते. ते कितपत ग्राह्य आहे?

बडोद्यातील उदय

२७ ऑक्टोबर १९८४ रोजी बडोद्यात जन्मलेल्या इरफानचे वडील मशिदीत अजान देत असत. बालपणी त्याला भारताचे माजी कर्णधार दत्ताजीराव गायकवाड यांचे मार्गदर्शन लाभले. डिसेंबर २००३ मध्ये ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केले. मॅथ्यू हेडन हा त्याचा पहिला बळी ठरला आणि भारताने तो सामना जिंकला. पुढील वर्षी बांगलादेश दौऱ्यातील दोन कसोटींत त्याने १८ गडी बाद केले. २००४ मध्येच आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू म्हणून त्याचा गौरव केला.

२९ जानेवारी २००६ रोजी कराची कसोटीच्या पहिल्याच षटकात त्याने हॅट्ट्रिक साधली. सलमान बट झेलबाद, युनूस खान पायचीत आणि मोहम्मद युसूफ त्रिफळाचीत झाला, तेव्हा पाकिस्तानच्या खात्यात एकही धाव नव्हती. अर्थात हा सामना भारताने ३४१ धावांनी गमावला, ही गोष्टही नोंदवली पाहिजे.

फलंदाजीतील बढती

ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूर येथे श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात इरफानला तिसऱ्या क्रमांकावर पाठविण्यात आले. त्याने ८३ धावा फटकावल्या. या बढतीचे आणि पुढील घसरणीचे खापर तत्कालीन प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांच्यावर फोडले गेले. इरफानने स्वतः २०२० मध्ये हा आरोप फेटाळला. तिसऱ्या क्रमांकाची कल्पना सचिन तेंडुलकरची होती, असे त्याने सांगितले.

घटनाक्रमही या आरोपाला दुजोरा देत नाही. नागपूरच्या खेळीनंतर तीनच महिन्यांनी कराचीची हॅट्ट्रिक झाली. फैसलाबादच्या ९० धावा आणि ही हॅट्ट्रिक तर एकाच दौऱ्यातील आहेत.

स्विंग म्हणजे काय?

इरफान हा अतिवेगवान गोलंदाज कधीच नव्हता. त्याची भिस्त उजव्या हाताच्या फलंदाजासाठी आत वळणाऱ्या चेंडूवर होती. डावखुऱ्या गोलंदाजाचा चेंडू कोनामुळे बाहेर जाईल असे फलंदाज गृहीत धरतो आणि तो अखेरच्या क्षणी आत येतो. त्यासाठी मनगट चेंडूच्या मागे आणि चेंडूची शिवण उभी राहणे आवश्यक असते. शैलीत किंचित बदल झाला तरी शिवण डगमगते व चेंडू सरळ जातो. वेग मध्यम असेल, तर अशा चेंडूवर फलंदाजाला पुरेसा अवधी मिळतो. २००६ मध्ये इरफानचा वेग आणि स्विंग दोन्ही घटले. २००६-०७ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यातून त्याला मध्येच मायदेशी पाठविण्यात आले.

पुनरागमन आणि मर्यादा

तो खचला नाही. २००७ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध १६ धावांत ३ बळी घेऊन तो सामनावीर ठरला. डिसेंबर २००७ मध्ये बंगळूर येथे त्याने कसोटी शतक झळकावले. जानेवारी २००८ मध्ये पर्थ येथे पाच बळी घेत आणि दोन्ही डावांत उपयुक्त धावा करीत त्याने भारताच्या ऐतिहासिक विजयात सामनावीराचा मान मिळविला. तरीही तीन महिन्यांतच त्याची कसोटी कारकीर्द थांबली.

याचे उत्तर अष्टपैलू खेळाडूच्या निवडीत दडले आहे. त्याची कसोटीतील फलंदाजीची सरासरी ३१.५७ होती. सातव्या-आठव्या क्रमांकासाठी ती उत्तम, परंतु केवळ फलंदाज म्हणून स्थान मिळण्यास अपुरी होती. संघाला तो हवा होता तो प्रथमतः गोलंदाज म्हणून. फलंदाजीने त्याचे मोल वाढविले, पण हरपलेल्या स्विंगची जागा ती घेऊ शकत नव्हती.

ऑगस्ट २०१२ मध्ये पल्लेकेले येथील अखेरच्या एकदिवसीय सामन्यात त्याने पाच बळी घेतले व सामनावीर ठरला. वय होते अवघे २७. एकदिवसीय क्रिकेटमध्ये त्याच्या नावावर १७३ बळी आहेत. १९ व्या वर्षी संघात येणाऱ्या प्रत्येक अष्टपैलू खेळाडूची 'नवा कपिल देव' म्हणून तुलना करण्याची घाई आपल्याकडे होते. ज्या कौशल्यामुळे तो संघात आला, ते सांभाळण्यासाठी त्याला वेळ मिळतो की नाही, हा प्रश्न मात्र उशिराच विचारला जातो.