लखपत : पाणी गेलेले बंदर

आपला गोंदिया हा तलावांचा जिल्हा आहे. येथून आगगाडीने अहमदाबादमार्गे कच्छमधील भूजला पोहोचलात, की हिरवी शेते मागे राहतात. भूजहून लखपत सुमारे १३५ किलोमीटर दूर आहे. वाटेत उजाड माळ, बाभळी आणि मधूनच उंट दिसतात. रस्ता संपतो तेथे खाडीकाठी एक किल्ला उभा आहे. हेच लखपत.

एकेकाळी हे भरभराटीचे बंदर होते. सिंधू नदीचा एक फाटा येथे येत असे. १८०१ साली फतेह मुहंमद यांनी गावाभोवती ७ किलोमीटर लांबीचा तट बांधला. पुढे सिंधमधील बांधांमुळे आधीच घटलेल्या पाण्यावर मोठे संकट आले. १६ जून १८१९ रोजी भूकंप झाला. उत्तरेकडे जमिनीचा लांबलचक उंचवटा वर आला आणि पाण्याची वाट अडली. हा बांध माणसाने घातलेला नव्हता. म्हणून लोक त्याला ‘अल्लाहबंद’ म्हणू लागले. गलबते येईनाशी झाली आणि व्यापारी गाव सोडून गेले.

तट आजही उभा आहे. पण आत थोडीच घरे उरली आहेत. तटामुळे शत्रू अडतो, तहान अडत नाही. आपल्या गावच्या तलावात गाळ साचताना दिसला, तर लखपत आठवा.