निळ्या पाण्याची पारख

‘काळे पाणी’ हा शब्द एकेकाळी मराठी घरात नुसता उच्चारला तरी अंगावर काटा उभा राही. १९०६ साली बांधून पूर्ण झालेल्या अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे काढली. कितीएक देशभक्त त्या भिंतींआड खंगले. त्याच अंदमानला आज आमची तरुण मंडळी निळे पाणी पाहण्यासाठी हौसेने जातात, हा काळाचा महिमा होय. यात खेद करण्यासारखे काहीच नाही. देशाचा प्रत्येक किनारा सामान्य नागरिकाला मोकळा व्हावा, यासाठीच तर तो सारा खटाटोप होता. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, तेथील समुद्रात तोंडात नळी धरून पाण्याखालचे प्रवाळ पाहिले, आणि तेव्हापासून बेटांवरच्या सुट्टीची ओढ घरोघरी वाढली आहे. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

बेटावरचा किनारा निवडताना आमची माणसे छायाचित्र पाहतात. पांढरी वाळू, वाकलेला माड आणि निळे पाणी एवढे दिसले की निवड झाली. समुद्राकाठी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आम्हा लोकांनी तरी असे करू नये. दिसायला सुंदर, पोहायला निर्धोक आणि पाण्याखालची सृष्टी पाहायला योग्य, हे तीन निरनिराळे गुण आहेत. ते एका जागी क्वचितच नांदतात.

अंदमानातील स्वराज द्वीपाचेच उदाहरण घ्या. २०१८ पर्यंत हे बेट हॅवलॉक या नावाने ओळखले जाई. तेथील राधानगरच्या किनाऱ्याला एका अमेरिकन साप्ताहिकाने २००४ मध्ये आशियातील सर्वोत्तम ठरविले, आणि २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकनही मिळाले. रुंद, हळूहळू उतरत जाणारा तो वाळूचा पट्टा लाटांत डुंबण्यासाठी उत्तम आहे यात शंका नाही. पण प्रवाळ पाहायचे म्हणून जो तेथे जाईल त्याला मुख्यतः वाळूच दिसेल. प्रवाळासाठी त्याच बेटावरच्या एलिफंट बीचकडे होडीने किंवा रानवाटेने जावे लागते. जवळच्या शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नीलवर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी रामायणातली नावे असलेले किनारे आहेत. तेथे ओहोटीला खडक व पोवळी उघडी पडतात. अशा वेळी पोहायला उतरणाऱ्याच्या पायांना जखमा होतात आणि पोवळ्यांचा चुराडा होतो. म्हणजे किनारा तोच, पण भरतीला एक आणि ओहोटीला दुसरा. आमचा कोळी उधाण आणि भांग पाहिल्याशिवाय होडी लोटत नाही. पर्यटकाने निदान भरतीची वेळ तरी विचारावी, एवढीही अपेक्षा जास्त आहे काय?

लक्षद्वीपची रचना आणखी वेगळी. छत्तीस बेटांचा समूह म्हणून त्याची ओळख; त्यांतील वस्तीची बेटे दहा आणि सारी जमीन मिळून सुमारे बत्तीस चौरस किलोमीटर. बहुतेक बेटे कंकणाकृती प्रवाळखडकाच्या पूर्व कडेवर वसलेली आहेत. पश्चिमेला खडकाचे कडे आणि त्याच्या आत उथळ, नितळ पाण्याचे तळे, ज्याला लगून म्हणतात. बाहेरून येणारी लाट कड्यावर फुटते, तिचा जोर तेथेच संपतो आणि आत शांत पाणी उरते. नवशिक्या पोहणाऱ्याला, मुलाबाळांच्या कुटुंबाला असा लगून सोयीचा. कडमत आणि मिनिकॉय येथील किनाऱ्यांना २०२२ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला तो उगाच नव्हे. पण त्याच बेटाच्या पूर्वेला, जिथे कड्यापलीकडे समुद्र एकदम खोल होतो, तिथे हा दिलासा नाही. बेटाची बाजू बदलली की समुद्राचा स्वभाव बदलतो, ही गोष्ट कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही.

वाऱ्याचेही तसेच. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत पश्चिमेकडचे किनारे खवळलेले असतात. अंदमानात पावसाळा सरताना वारा ईशान्येचा झाला की पूर्वेकडची पाळी येते. तेथील समुद्र सर्वांत निवांत आणि पाणी सर्वांत स्वच्छ असते ते साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. दिवाळीची सुट्टी मिळाली म्हणून समुद्र आपल्या सोयीने वागेल, असे समजू नये.

धोक्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. लाटा फुटणाऱ्या किनाऱ्यावर मध्येच एक सपाट, शांत पट्टी दिसते आणि अनभिज्ञ माणूस नेमका तेथेच उतरतो. पुष्कळदा ती परत फिरणाऱ्या पाण्याची वाट असते आणि ती माणसाला खोल समुद्रात ओढून नेते. अशा वेळी किनाऱ्याच्या दिशेने झुंजत बसू नये. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून त्या ओढीतून बाहेर पडावे आणि मग परतावे. तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घेणाऱ्याला तर आपण किती दूर वाहत आलो याचे भानच राहत नाही. म्हणून सोबती हवा, तरंगते जाकीट हवे आणि अधूनमधून मान वर काढून किनारा पाहण्याची सवय हवी. अंदमानात आणखी एक सावधगिरी लागते. तेथील तिवरांच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच प्रवाळ पाहत असलेल्या एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला. धोक्याचा फलक हा शोभेसाठी लावलेला नसतो.

येथवर पोहणाऱ्याच्या जिवाचा विचार झाला. आता ज्या जिवांमुळे हा किनारा किनारा म्हणून उभा आहे, त्यांचाही विचार करायला हवा. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण भाळतो ती बहुतांशी प्रवाळांचाच भुगा असते. पोपटासारखी चोच असलेला मासा प्रवाळखडक कुरतडतो, त्याची पूड करून बाहेर टाकतो, आणि अशी कित्येक वर्षांची पूड साचून ही वाळू होते. लाटेला अडवणारी भिंतही प्रवाळांचीच. वाळू आणि शांत पाणी, दोन्ही त्यांनीच दिलेले. प्रवाळ मेले की प्रथम रंग जातो, मग मासे जातात, मग भिंत खचते आणि शेवटी वाळू जाते. लक्षद्वीपच्या बंगारम परिसरातील एक छोटे बेट, परळी क्रमांक एक, धूप होऊन समुद्रात पूर्णपणे नाहीसे झाले आहे. ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

या प्रवाळांवर संकट आले आहे ते मुख्यतः समुद्राच्या वाढत्या उष्म्याचे. पोवळ्याच्या देहात सूक्ष्म शैवाल राहते. तेच त्याला अन्न आणि रंग देते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जरी काही आठवडे अधिक तापले तरी पोवळे हे शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. उष्मा वेळीच उतरला तर ते सावरते, नाहीतर मरते. लक्षद्वीपने हा आघात १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये सोसला आहे. सावरायला मिळणारा अवधी अपुरा पडत चालला आहे. अशा आजारी सृष्टीवर आपण पाय देऊन उभे राहतो, होडीचा नांगर टाकतो, आठवण म्हणून तुकडा तोडून नेतो. पोवळ्याच्या काही जाती वर्षाकाठी जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. एका लाथेने किती वर्षे मोडतात याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या बरोबरीचे, म्हणजे पहिल्या परिशिष्टाचे, संरक्षण आहे. तुकडा खिशात घालणारा केवळ हौशी ठरत नाही, तो गुन्हेगार ठरतो.

हे सारे दूरच्या बेटांपुरतेच आहे असे कोणी मानू नये. मुरगावजवळच्या ज्या बेटाला पर्यटक ग्रँड आयलंड म्हणतात, तेथे आमच्या गोव्याच्या दारातच प्रवाळ आहेत. नद्यांचा गाळ सोसून ते तग धरून आहेत आणि हिवाळ्यात होड्याच्या होड्या तेथे माणसे नेतात. मालवणला, सिंधुदुर्गाच्या तटाखालीही प्रवाळ आहेत. त्यासाठी १९८७ मध्ये सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले, परंतु आपल्या पोटावर पाय येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. तो विरोध समजून घेण्यासारखा आहे. ज्यांनी समुद्र राखला त्यांना बाजूला सारून होणारे संरक्षण टिकत नाही. आणि पर्यटनाचा पैसा त्याच वस्तीत राहिला तर प्रवाळाचा पहिला रखवालदार तोच मच्छीमार होईल.

आमच्या मते काही गोष्टी त्वरित झाल्या पाहिजेत. प्रवाळाच्या जागी नांगर टाकण्यास बंदी असावी आणि होड्या बांधण्यासाठी कायमचे तरंगते बोये बसवावेत. एका वेळी किती होड्या, किती माणसे, याची मर्यादा ठरावी. अंदमानच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेडस्किन ही दोन बेटे आळीपाळीने पर्यटकांना खुली करण्याची पद्धत आहे, आणि प्लॅस्टिक तेथे नेऊ देत नाहीत. हा धडा आमच्या बंदर खात्याने गिरवावा. प्रत्येक किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याच्या ओढीची जागा मराठी, कोकणी, हिंदी व इंग्रजीत लिहिलेली असावी. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले आहेत. त्यांचा सल्ला धुडकावण्यात पुरुषार्थ मानणाऱ्यांची मात्र आम्हाला कीव येते.

समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी न लोटणाऱ्यांचा हा प्रदेश. समुद्र हा मान देण्याचा विषय आहे, ही जाणीव त्या चालीत आहे. सुट्टीचे ठिकाण निवडताना तीच जाणीव ठेवली, वारा कुठला, भरती केव्हा, कडा कुठे, खाली जिवंत काय आहे, एवढे चार प्रश्न विचारले, तर माणूसही सुखरूप परतेल आणि किनाराही पुढच्या पिढीसाठी जागेवर राहील.