१७० मिनिटांचं भौतिकशास्त्र

अमेरिकेत भौतिकशास्त्राची पीएच.डी. करायची तर जीआरईचा विषयाचा पेपर द्यावाच लागतो, हे भारतातल्या एम.एस्सी.च्या वर्गांत कित्येक वर्षं गृहीत धरलं जायचं. साधारण १०० प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय, वेळ १७० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १०२ सेकंद. कॅल्क्युलेटर नाही, सोबत फक्त स्थिरांकांचा एक तक्ता.

विद्यापीठाच्या परीक्षेत वाढलेल्या मुलांना हा पेपर परका वाटणं साहजिक होतं. तिथे उत्तर चुकलं तरी सिद्धतेच्या पायऱ्यांना गुण मिळत. इथे कच्चं काम कोणी बघतच नसे. काळा केलेला एक गोल, एवढाच पुरावा.

तयारीसाठी साहित्यही थोडंच होतं. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने मोजकेच जुने पेपर खुले केले होते आणि मुलं त्यांना क्रमांकानेच ओळखत: ८६७७, ९२७७, ९६७७, ०१७७. पुढे ०८७७ आणि १७७७ आले. पहिले दोन आकडे पेपरच्या वर्षाचे. इतक्या थोड्या प्रश्नांची पुन्हापुन्हा उजळणी होत गेली आणि त्यातून सोडवण्याची एक निराळी रीत घडली. या साऱ्या काळाने मागे ठेवलेली सर्वांत मोलाची गोष्ट ही रीतच आहे.

कप्पीवरून गेलेल्या दोरीला दोन वजनं टांगली आहेत, त्वरण किती, हा नेहमीचा प्रश्न घ्या. न्यूटनची दोन समीकरणं मांडून उत्तर निघतंच. पण सरावलेला विद्यार्थी आधी पर्यायांकडे बघतो. दोन्ही वजनं सारखी असली तर त्वरण शून्य यायला हवं. एक वजन शून्य केलं तर दुसरं मोकळं पडेल, म्हणजे त्वरण गुरुत्वीय त्वरणाइतकं हवं. एवढ्या दोन कसोट्यांवर बहुतेक पर्याय गळतात. एकक जुळत नसलेला पर्याय तर त्याआधीच बाद झालेला असतो.

पॉझिट्रॉनियमचा प्रश्न याहून देखणा. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांभोवती फिरत असतील, तर मूळ पातळीची बंधनऊर्जा किती? हायड्रोजनचे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट सगळ्यांना पाठ असतात. हायड्रोजनमध्ये केंद्रक इतकं जड असतं की ते स्थिरच मानता येतं. इथे दोघांचं वस्तुमान सारखं, त्यामुळे परिणामी वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या निम्मं होतं आणि ऊर्जाही निम्मी, ६.८. एका ओळीचं गणित, पण बोरच्या सूत्रात वस्तुमान कुठून येतं हे समजलेलं असेल तरच सुचणारं. प्रयोगशाळेवरचे प्रश्नही असेच नेमके असत. किरणोत्सर्गाची मोजणी एक टक्का अचूक हवी तर किती नोंदी लागतील? अनिश्चितता नोंदींच्या वर्गमुळाइतकी असते, म्हणून १०,०००.

अंदाजाने गोल काळा करण्याचंही गणित होतं. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जाई. पाचांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरी लाभ शून्य. पण दोन पर्याय खात्रीने बाद केले तर सरासरी एक षष्ठांश गुण पदरात पडे. २०१७ साली ही कपात गेली आणि कोणताही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ उरला नाही.

त्याआधीच अमेरिकेत या पेपरच्या वजनावर शंका घेतली जात होती. २०१४मध्ये केसी मिलर आणि केवान स्टॅसन यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की जीआरईच्या गुणांवर प्रवेश अडवल्याने स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजांतले विद्यार्थी गाळले जातात. पुढच्या वर्षी एमिली लेव्हेस्क आणि सहकाऱ्यांनी खगोलशास्त्रातल्या मानाच्या फेलोशिप मिळवलेल्यांचे गुण तपासले. त्यांतल्या अनेकांचे गुण सामान्यच होते. अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनेही हे गुण सक्तीचे ठेवू नयेत असं सुचवलं. २०१९मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांच्या मोठ्या अभ्यासात, पीएच.डी. पूर्ण होईल की नाही हे या पेपरवरून सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. मायकेल वाइसमन यांनी त्या संख्याशास्त्रावर गंभीर आक्षेप घेतले: ज्यांना प्रवेश मिळाला त्यांच्यापुरतं पाहिलं की गुणांचा प्रभाव आपोआप फिका दिसतो. हा आक्षेप वजनदार आहे. तरीही एका शनिवारच्या पेपरवर कुणाच्या संशोधक होण्याचा फैसला लटकवणं अन्यायाचंच होतं.

करोनाकाळात परीक्षा रद्द झाल्या आणि अनेक विभागांनी सक्ती उठवली. सप्टेंबर २०२३पासून पेपर संगणकावर गेला: सुमारे ७० प्रश्न, दोन तास.

भारतात आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशासाठी होणाऱ्या जॅम परीक्षेने मात्र प्रश्नांचा साचाच पालटला. तिथे ६० प्रश्नांपैकी ३०च जुन्या धर्तीचे असतात. २० प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः भरावा लागतो. उरलेल्या १० प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे अचूक टिपले तरच गुण मिळतात. त्यामुळे एक पर्याय बरोबर निघाला म्हणून पुढे सरकता येत नाही. चारही विधानं एकेक करून तपासावी लागतात. कप्पीवर शिकलेल्या कसोट्या इथे चार वेळा वापराव्या लागतात.