डब्याचं दुसरं आयुष्य

नव्या गाडीसमोर नारळ फुटतो, फीत कापली जाते, फोटो निघतात. पंधरा वर्षांनी तीच गाडी कारखान्यात उघडून, आतलं सगळं बदलून पुन्हा रुळावर उभी केली, तर फाटकावर कुणी फिरकतही नाही. नागपूर मेट्रोच्या खापरी ते सीताबर्डी मार्गाचं उद्घाटन ७ मार्च २०१९ रोजी झालं, तेव्हा नारळाचा भाग रीतसर पार पडला. दुसरा भाग अजून यायचा आहे. मेट्रोच्या डब्याचं आयुष्य साधारण तीस वर्षं धरतात. त्याच्या मध्यावर मोटारी, इन्व्हर्टर, दरवाजे, एसी, आसनं, जमीन हे सगळं एकदा उकलावं लागतं. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या पिढीच्या गाड्यांवर ही पाळी येऊन गेली आहे. नागपूरची येईल २०३४च्या सुमाराला.

तेव्हा काय करायचं ते आधी कुणाकडून शिकायचं असेल, तर जपानकडून. बुलेट ट्रेनचा जपान नव्हे. सकाळी लाखो नोकरदारांना ऑफिसात पोचवणाऱ्या साध्या विजेच्या लोकल गाड्यांचा जपान. नागपूरशी त्याचं नातं अगदीच ओढूनताणून जोडलेलं नाही. आपल्या मेट्रोच्या तीन-तीन डब्यांच्या २३ गाड्या, म्हणजे ६९ डबे, चीनमधल्या सीआरआरसी दालियन कंपनीकडून आले. या कारखान्याची मुळं १८९९ सालची, रशियनांनी रोवलेली. रशिया-जपान युद्धानंतर तो जपानच्या दक्षिण मांचुरिया रेल्वेकडे गेला आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तिच्याकडेच राहिला. १९३४ साली गाजलेल्या ‘आशिया एक्स्प्रेस’ची काही वाफेची इंजिनं तिथंच घडली.

जपानी लोकलची ओळख करून घ्यायची तर सुरुवात ‘१०३ मालिके’पासून करावी. जपानच्या सरकारी रेल्वेनं १९६३ ते १९८४ या काळात या एकाच नमुन्याचे ३,४४७ डबे बनवले. वीस मीटर लांबीचा डबा, प्रत्येक बाजूला चार रुंद दरवाजे, भिंतींना लागून लांब बाकं आणि मधली सगळी जागा उभ्या प्रवाशांना. टोकियोत यामानोते मार्गाची गाडी पोपटी, चुओची नारिंगी, केइहिन-तोहोकूची आकाशी, सोबूची पिवळी. पाटी न वाचताही माणूस बरोबर गाडीत चढे. आपली ऑरेंज लाइन आणि अ‍ॅक्वा लाइन हीच युक्ती वापरते.

या गाडीत दोन दुखणी होती. तिच्या मोटारीचा वेग रेझिस्टन्सनं आवरला जाई. सुटताना जादा वीज लोखंडी जाळ्यांत तापून वाया जाई. शिवाय सांगाडा साध्या पोलादाचा, म्हणून रंग गेला की गंज आलाच. पण हजारो डबे एकाच साच्याचे असल्यानं कोणता भाग कधी मोडतो हे कारागिरांना तोंडपाठ झालं होतं. १९८७ साली सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन जेआर कंपन्या निघाल्या. ओसाकाकडच्या जेआर वेस्टकडे नव्या गाड्यांसाठी टोकियोइतका पैसा नव्हता. तिनं १९९०च्या दशकात जुन्या १०३ गाड्या घेऊन खिडक्या, छत, आसनं, आतली भिंत सगळं बदललं. उद्दिष्ट एकच: जन्मापासून चाळीस वर्षं गाडी चालली पाहिजे.

गंजाचा प्रश्न स्टेनलेस स्टीलनं सोडवला. अमेरिकेतल्या बड कंपनीचं तंत्र परवान्यानं घेऊन टोक्यू कार कंपनीनं १९६२ साली जपानमधली पहिली पूर्ण स्टेनलेस गाडी बनवली. सरकारी रेल्वेनं १९८५ साली ‘२०५ मालिका’ काढली आणि हा धातू रोजच्या लोकलमध्ये सर्रास आला. या डब्याला रंग द्यावा लागत नाही. मार्गाच्या रंगाची एक फिल्मची पट्टी चिकटवली की झालं. गाडी दुसऱ्या मार्गावर पाठवायची तर जुनी पट्टी सोलायची आणि नवी लावायची. रंगाऱ्यांची फौज, सुकण्याचे दिवस, पुन्हा पुन्हा पोपडे खरवडणं, सगळं गेलं. डबा उद्या कुठंही जाऊ शकेल, ही सोय पहिल्याच दिवशी धातूत ठेवलेली होती.

प्रवाशांच्या बसण्याचाही असाच विचार झाला. सात जणांच्या बाकावर सहाच जण ऐसपैस बसतात, ही टोकियोची जुनी तक्रार. १९८१ पासून धावू लागलेल्या ‘२०१ मालिके’त बाकाच्या मधल्या, म्हणजे चौथ्या जागेचं कापड वेगळ्या रंगाचं केलं. मधला माणूस बरोबर तिथं बसला की दोन्हीकडे तीन-तीन जण आपोआप मावतात. पुढच्या गाड्यांत प्रत्येक माणसापुरता खळगाच असलेली आसनं आली. आपल्या मुंबई लोकलमध्ये गोष्ट नेमकी उलटी: तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, त्या जागेला ‘फोर्थ सीट’ असं रीतसर नाव आहे, आणि तिच्यावर हक्क सांगताना ‘जरा सरका’ एवढं पुरतं. तिकडे आसनानं माणसाला शिस्त लावली, इकडे माणसांनी आसनाचं माप बदललं. डबा नव्यानं सजवणाऱ्याला ही दोन्ही उदाहरणं ठाऊक असावी लागतात.

मग आली ‘२०९ मालिका’, आणि तिच्याबरोबर एक धाडसी कल्पना. १९९३ साली टोकियोकडच्या जेआर ईस्टनं जाहीर केलं: वजन निम्मं, किंमत निम्मी, आयुष्य निम्मं. हिशेब असा की साधारण तेरा वर्षांत गाडीची पुस्तकी किंमत वसूल होते. त्यापुढे महागडी मोठी दुरुस्ती करण्यापेक्षा गाडी सरळ मोडीत काढावी आणि तोवर पुढे गेलेल्या तंत्राची नवी घ्यावी. टीकाकारांनी तिला ‘वापरा आणि फेका’ गाडी म्हटलं. विदर्भातल्या माणसाला तर हे पचणं कठीणच. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या ‘शकुंतला’ या रेल्वेगाडीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिलं.

पुढं जे झालं ते त्याहून मजेदार आहे. केइहिन-तोहोकू मार्गावरून २०१० पर्यंत २०९ गाड्या उतरवल्या खऱ्या. पण त्यांतल्या बऱ्याच डब्यांचा सांगाडा धडधाकट निघाला. कंपनीनं त्यांची विद्युत यंत्रणा बदलली, काही आसनं आडवी लावली, लांब पल्ल्यासाठी शौचालय बसवलं आणि २००९ पासून त्या चिबा भागातल्या बोसो मार्गांवर पाठवल्या. निम्म्या आयुष्याची म्हणून जन्मलेली गाडी तिथं आणखी दहा वर्षांहून जास्त धावली. मोडीत काढायचं ठरवूनही जपानी कारखान्याच्या हातून ते धडपणे झालं नाही.

कारण तिथल्या वर्कशॉपची सवयच तशी आहे. जपानच्या नियमांनुसार लोकल डब्याची दर चार वर्षांनी किंवा सहा लाख किलोमीटरला मोठ्या भागांची तपासणी होते आणि दर आठ वर्षांनी संपूर्ण डबा उघडला जातो. क्रेननं डबा उचलून चाकांच्या ट्रॉलीवरून वेगळा करतात. ट्रॉली सुटी होते, अ‍ॅक्सलमध्ये केसाएवढी चीर आहे का ते तपासतात, चाकाचा घासलेला काठ लेथवर पुन्हा नीट कापतात. नवं चाक साधारण ८६० मिलिमीटर व्यासाचं असतं. प्रत्येक कापणीला ते थोडं लहान होतं आणि ठरलेल्या मापाखाली गेलं की बाद. काम संपलं की डब्यावर कारखान्याचं संक्षिप्त नाव आणि तारीख रंगवतात. हे आपल्याकडेही आहे. नागपूर स्टेशनवर उभ्या असलेल्या कुठल्याही डब्याच्या टोकाला ‘पीओएच’ची, म्हणजे ठरावीक काळानं होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची, तारीख, कारखान्याचा कोड आणि पुन्हा परतायचा महिना लिहिलेला असतो. गाडीची वाट पाहताना तो वाचून पाहावा. आपण बसणार तो डबा शेवटचा कधी उघडला गेला, ते कळतं.

दुरुस्तीत कधी कधी गाडीचा आवाजही बदलतो. टोकियो-योकोहामाकडच्या केइक्यू कंपनीच्या १९९८ सालच्या ‘२१०० मालिके’त जर्मन सीमेन्सचे इन्व्हर्टर होते. हे इन्व्हर्टर वीज तोडण्या-जोडण्याची कंप्रता पायऱ्यापायऱ्यांनी वाढवत. त्या पायऱ्या अभियंत्यांनी स्वरसप्तकाशी जुळवल्या, त्यामुळे गाडी सुटताना चक्क सुरांची चढती ओळ ऐकू येई. लोक ती ऐकायला मुद्दाम स्टेशनवर येत. पुढे सुटे भाग मिळेनात, इन्व्हर्टर म्हातारे झाले आणि नूतनीकरणात ते बदलून जपानी यंत्रणा बसवली गेली. केइक्यूची गाणारी शेवटची गाडी २०२१ साली शांत झाली. डब्याचा सांगाडा चाळीस वर्षं टिकतो, पण त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स वीस वर्षांत बाजारातून नाहीसं होतं, ही आजच्या सगळ्या मेट्रोंची अडचण या एका गाडीत दिसते.

जपानमध्ये निवृत्त झालेल्या गाड्यांचं आणखी एक आयुष्य जकार्तात सुरू होई. २००० साली टोकियोच्या पालिकेच्या भुयारी रेल्वेचे ७२ डबे तिकडे गेले आणि २०१३ ते २०२० या काळात एकट्या २०५ मालिकेचे ८१२ डबे पोचले. तिथल्या कारागिरांनी दगडफेकीपासून वाचायला समोरच्या काचांना जाळी बसवली, कमी उंचीच्या फलाटांसाठी दरवाज्याखाली पायऱ्या लावल्या, महिलांचे डबे ठरवले आणि बारा डब्यांपर्यंत गाड्या जोडल्या. २०२३ साली इंडोनेशिया सरकारनं जुन्या गाड्यांची आयात नाकारली. पाठोपाठ नव्या गाड्यांची ऑर्डर गेली ती चीनच्या सीआरआरसी समूहाकडेच.

आपल्याकडे या विद्येची पाठशाळा मुंबईत आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली लोकल धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. टोकियोच्या लोकल आजही त्याच दाबावर धावतात. मुंबईनं मात्र आपली वीजच बदलून २५,००० व्होल्ट एसी केली. पश्चिम रेल्वेनं हे काम २०१२ साली संपवलं, मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर ते २०१६ साली पूर्ण झालं. मधल्या वर्षांत दोन्ही विजांवर चालणारे रेक लागले. २००७ पासून सीमेन्सच्या यंत्रणेचे नवे रेक आले. ब्रेक लावताना ते वीज परत तारेत पाठवतात आणि छतावरचे ब्लोअर गर्दीत ताजी हवा सोडतात. १९१५ साली उभ्या राहिलेल्या माटुंगा वर्कशॉपनं हे सगळे बदल पचवले. नव्वदेक वर्षं रोज धावणाऱ्या सेवेची वीज बदलायची आणि सेवा बंद ठेवायची नाही, हा आपलाही काही कमी पराक्रम नाही.

मग नागपूरपाशी काय आहे? पहिली गोष्ट, हात आहेत. अजनीचं इलेक्ट्रिक लोको शेड थ्री-फेज इंजिनं सांभाळतं. बारा हजार अश्वशक्तीच्या मालगाडी इंजिनांची निगा राखणारा अजनीचा डेपो ११ डिसेंबर २०२२ रोजी देशाला अर्पण झाला. त्याच दिवशी मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उरलेले मार्गही सुरू झाले. जुन्या डीसी मोटारीला कार्बन ब्रश बदलण्याची आणि त्याची काळी भुकटी साफ करण्याची कटकट असते. थ्री-फेज मोटारीत ती नाही, पण इन्व्हर्टर, सेन्सर, सॉफ्टवेअर समजणारा माणूस लागतो. असा माणूस अजनीत आहे.

दुसरी गोष्ट, हवामान. टोकियोच्या डब्याला मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा ठाऊक नाही. नागपुरात छतावरचा एसी दुपारभर पूर्ण ताकदीनं ओढतो, इन्व्हर्टरला गार हवा पुरवणाऱ्या गाळण्यांत धूळ बसते, दरवाज्यांची रबरं कडक होतात. हिंगणा आणि मिहान डेपोत या तिन्ही गोष्टींची नोंद आजपासून गाडीनिहाय ठेवली, तर पुढच्या नूतनीकरणात काय आधी बदलायचं ते अंदाजानं ठरवावं लागणार नाही. जपानी वर्कशॉपची खरी पुंजी त्यांच्या यंत्रांहून अशा वह्यांत आहे.

तिसरी गोष्ट जरा अवघड. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जाणाऱ्या ४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्यासाठी गाड्या लागतील आणि त्या पहिल्यांपेक्षा एका पिढीनं नव्या असतील. दोन पिढ्या एकाच रुळावर, एकाच डेपोत आणि एकाच कामगाराच्या हाताखाली येतील. अशा वेळी आसन, काच, दरवाज्याची मोटार, ब्रेकचे पॅड ही रोजची झीज तरी दोन्हींत एकाच मापाची असावी, असा आग्रह टेंडरमध्येच धरायला हवा. १०३ मालिकेला साडेतीन हजार डब्यांचं बळ होतं. आपल्याकडे डबे थोडे, म्हणून मापं जुळणं जास्त गरजेचं.

त्याहून महत्त्वाचा आग्रह नकाशांचा. इन्व्हर्टर बदलायचा झाला तर जुन्या वायरिंगचे पूर्ण नकाशे आणि सॉफ्टवेअर वाचण्याचा अधिकार हाती हवा. तो नसेल, तर मूळ कंपनी सांगेल ती किंमत आणि सांगेल ती तारीख मान्य करावी लागते. २०३४ साली ही गाडी उघडणारा तंत्रज्ञ आज नागपुरातल्या कुठल्यातरी शाळेत आठवी-नववीत शिकतो आहे. त्याच्या टेबलावर तो नकाशा असेल की नाही, हे पुढच्या टेंडरच्या अटी लिहिणारे अधिकारी आत्ताच ठरवणार आहेत.